ओळखीचं तेवढंच

रंगनाथ धात्रकांचं नव्या गाण्यांबद्दलचं मत जेल रोडवरच्या त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "हल्ली गाणी करत नाहीत, भांडी आपटतात," असं ते म्हणायचे. वरातीत डीजे वाजू लागला की खिडक्या लावून घ्यायचे आणि आपल्या स्पीकरवर जुनं एखादं द्वंद्वगीत लावायचे, तेही वरातीतल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सुमनबाई आतून ओरडायच्या, "अहो, कमी करा तो आवाज! जुनं असलं म्हणून काय झालं, कानाला त्रास तोच!" रंगनाथराव मान डोलवत राहायचे. ती गाण्याला दाद आहे असं बघणाऱ्याला वाटायचं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या हॉलमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथं कानाला लावायचं झाकण मिळायचं, पण घामानं कान चिकचिकतात म्हणून ते गळ्यात अडकवून ठेवायचे. कॉलनीच्या गणपतीत लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा-बायको स्टेजवर जोडीनं गायले आणि मग दरवर्षी गातच राहिले. निवृत्तीनंतर जीवन बोराडेंनी बिटको चौकाजवळच्या एका हॉलमध्ये जुन्या गाण्यांचं मंडळ सुरू केलं. जीवनभाऊ वीज केंद्रातलेच, रंगनाथरावांच्या शिफ्टचे. एक लॅपटॉप, दोन माइक, मागे वाजणारं रेकॉर्ड केलेलं संगीत, आणि दर रविवारी जमणारी पंधरा-वीस माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी नर्स, एक रेल्वेतले गार्ड तर इगतपुरीहून गाडीनं यायचे.

त्या मंडळात धात्रक जोडप्याचं कौतुक फार. गाताना दोघं हात हातात घेऊन उभी राहायची. कडवं सुरू होण्याआधी सुमनबाई नवऱ्याचा हात हलकेच दाबायच्या, आणि रंगनाथराव डोळे मिटून सूर लावायचे. समोरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. सत्तरी ओलांडली तरी बघा, हात सुटत नाही!

गेल्या वर्षी त्यांची नात सायली त्यांच्याकडे राहायला आली. तिचे आईवडील पुण्याला. तिला दिंडोरीच्या एका वायनरीत, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सकाळी स्कूटरवरून जायची, संध्याकाळी यायची, आणि आल्यावर आपल्या खोलीत गिटार घेऊन बसायची. ती स्वतः गाणी करायची. मराठीतच, साध्या शब्दांची, हळू आवाजात म्हणायची गाणी. तिच्या मित्रमैत्रिणींना ती आवडायची. आबांना मात्र तिनं कधी ऐकवलं नव्हतं. त्यांचं मत तिला माहीत होतं.

पण आबांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा तिनं धीर केला. घरातलाच समारंभ होता. पुण्याहून तिचे वडील योगेश आणि आई आले होते, जीवनभाऊ होते, शेजारचे दोघं-तिघं. केक कापायच्या आधी सायली गिटार घेऊन आबांच्या समोर खुर्चीवर बसली.

"आबा, हे तुमच्यासाठी केलंय."

तिनं गायला सुरुवात केली. 'राखेच्या वाटेनं सायकल यायची, ओठात गाणं नि हातात डबा...' खोलीतली माणसं शांत झाली. योगेशनं चष्मा काढून पुसला. लहानपणी क्वार्टरच्या पायरीवर बसून तो हीच सायकल यायची वाट बघायचा. सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला. आणि रंगनाथराव पाहुण्यांकडे बघून हसत होते, मधेच घड्याळाकडे बघत होते.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. रंगनाथरावांनीही वाजवल्या आणि म्हणाले, "छान. पण पोरी, यात शब्द कुठेत? नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं. गाणं कसं पाहिजे, कानावर पडल्या पडल्या..."

"आबा, शब्द तुमच्याबद्दलच होते," सायली म्हणाली.

"हो, हो, कापू ना," रंगनाथराव हसून म्हणाले आणि त्यांनी सुरी उचलली.

सायलीनं गिटार उचलली आणि ती आत निघून गेली. सुमनबाई मागोमाग गेल्या. पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"त्यांना नवीन चाल पटकन कळत नाही गं," सुमनबाई म्हणाल्या.

"चालीचं जाऊ दे आजी. मी काय म्हणाले ते तरी ऐकायचं. माझी थट्टाच केली त्यांनी."

सुमनबाईंच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याला सहज म्हटलं होतं, एकदा कान दाखवून येऊ. त्यावर रंगनाथराव कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्यांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. सिन्नरकडच्या त्या गावात पोरंटोरं त्यांच्या मागे जाऊन ओरडायची, मोठी माणसं तोंडावर हसत काहीही बोलायची, आणि म्हातारा आपला सगळ्यांना हात जोडायचा. ते सगळं रंगनाथरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे सुमनबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. नवऱ्याशी बोलताना त्या समोर येऊन बोलू लागल्या. फोन आला तर स्वतः घेऊ लागल्या. आणि मंडळात, मधलं संगीत संपून कडवं कुठे सुरू करायचं ते नवऱ्याला कळेनासं झालंय हे लक्षात आल्यावर, त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

वाढदिवसानंतर सायली आबांशी कामापुरतं बोलायची. चहा ठेवलाय. जेवायला चला. रंगनाथरावांना त्यातलंही निम्मं कळायचं नाही, पण तिचा चेहरा कळायचा. आजकालची मुलं, असं म्हणून ते स्पीकरकडे वळायचे.

डिसेंबरातली गोष्ट. थंडी चांगलीच पडली होती. संध्याकाळ होत आली होती. रंगनाथराव शाल पांघरून बाहेरच्या खोलीत गाणी लावून बसले होते. सुमनबाई बाथरूममध्ये गेल्या. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या. उठायला गेल्या तर डाव्या बाजूतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख झाला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी हाक मारली. "अहो!" पुन्हा मारली. बाहेर त्यांना तोंडपाठ असलेलं एक गाणं चालू होतं. ते संपलं, दुसरं सुरू झालं. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्यांनी सगळा जीव एकवटून हाक मारली. मग तिसरं गाणं लागलं.

सायली कामावरून आली तेव्हा तिला जिन्यातच गाणं ऐकू आलं. दार उघडलं तर आबा डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून बसलेले. आणि गाण्याच्या खालून कण्हल्यासारखा आवाज. ती बाथरूमकडे धावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्री दवाखान्यात भरती करून घेतलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन चालू असताना सायली आणि आबा बाहेर बाकावर बसले होते. सायलीनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. आता तिला राहवलं नाही.

"आजी किती वेळ हाका मारत होती माहितीये तुम्हाला?"

"काय?" रंगनाथराव तिच्या ओठांकडे बघत म्हणाले.

"हेच! तुम्हाला तुमच्या त्या गाण्यांपुढे कोणी दिसतच नाही. माणूस मरून पडलं असतं तिथं आणि तुम्ही ताल धरून बसला असता!"

दोन बाकांपलीकडची माणसं वळून बघायला लागली. रंगनाथरावांना शब्द सगळे कळले नाहीत, पण पुरेसे कळले.

"मला वाटलं ती झोपलीय," ते म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सुमनबाई उशीला टेकून बसल्या. सायली त्यांना पेज भरवत होती, रंगनाथराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. सायली त्यांच्याकडे बघतही नव्हती. सुमनबाईंनी हे सगळं पाहिलं आणि चमचा बाजूला सारला.

"त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना ऐकू येत नाही गं. बरेच दिवस झाले."

"आजी, काहीतरीच काय. दिवसभर गाणी ऐकतात. तुझ्याबरोबर स्टेजवर गातात."

"मी हात दाबते ना. कडवं आलं की दाबते."

सायलीच्या हातातली वाटी तशीच राहिली. वाढदिवसाचा प्रसंग तिच्या डोळ्यांपुढे आला. कापू ना, असं म्हणणारे हसरे आबा.

"काय म्हणतेय ती?" रंगनाथरावांनी विचारलं.

सुमनबाईंनी त्यांना जवळ बोलावलं, त्यांचा हात हातात घेतला आणि तोंड त्यांच्याकडे करून सावकाश म्हणाल्या, "मी तिला सांगून टाकलं. तुमच्या कानांचं. हाताचंही."

"हाताचं काय?"

"मी हात दाबला की तुम्ही सुरू करता. ते."

रंगनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी हात काढून घेतला.

"म्हणजे तो इशारा होता?"

"इशारा होताच," सुमनबाई म्हणाल्या. "पण नुसता इशाराच होता असं नाही."

ते वॉर्डातून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं सायली शोधायला गेली, तेव्हा ते खाली गेटजवळ रिक्षावाल्यांच्या बाकावर बसलेले दिसले. ती शेजारी जाऊन बसली. बोलून उपयोग नव्हता, रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता.

सुमनबाई दवाखान्यात असतानाच सायली आबांना कान तपासायला घेऊन गेली. काचेच्या लहानशा खोलीत बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. रंगनाथराव बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. बाहेर सायलीला तपासणाऱ्या बाईंच्या पडद्यावरची रेघ दिसत होती. ती सुरुवातीला जरा वर होती, मग उतरणीला लागल्यासारखी खाली खाली गेली.

निकाल ऐकून रंगनाथराव चिडले. "मशीन चुकतंय तुमचं. मला गाण्यातला शब्द न् शब्द ऐकू येतो. मग कान खराब कसे?"

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर एक जुनं गाणं लावलं, बेताच्या आवाजात. रंगनाथरावांचा चेहरा उजळला. ते बरोबर म्हणूच लागले. मग बाईंनी ते बंद करून तेवढ्याच आवाजात या वर्षीचं एक गाणं लावलं.

"हा गोंगाट," रंगनाथराव म्हणाले.

"काका, पहिलं गाणं तुम्हाला आधीच पाठ आहे," बाई त्यांच्यासमोर बसून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "थोडा ठेका, थोडा सूर कानात शिरला की बाकीचं तुमचं डोकं भरून काढतं. तुम्हाला वाटतं, मी ऐकतोय. खरं म्हणजे तुम्ही आठवताय. दुसरं गाणं तुम्ही कधी ऐकलेलंच नाही. भरून काढायला आत काही नाही."

परतताना ते स्कूटरवर सायलीच्या मागे बसले होते. दत्तमंदिराच्या सिग्नलला गाडी थांबली तरी ते स्वतःशीच मान हलवत होते. गाण्यांचं एक वेळ सोडा. पण मग माणसांचं काय? शेजारी राहायला आलेल्या नव्या बिऱ्हाडाशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, ती माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून. योगेशचं फोनवरचं बोलणं त्यांना कंटाळवाणं वाटायचं. सुमनचं मात्र सगळं कळायचं. चहा घेता का, औषध घेतलं का, दार लावा. ती काय बोलणार ते त्यांना आधीच ठाऊक असायचं. बाथरूममधून मारलेली ती हाक रोजची नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी स्पीकरची वायर काढून ठेवली.

कानाची मशीनं आली ती सुमनबाई घरी यायच्या आदल्या दिवशी. लावल्या लावल्या रंगनाथराव दचकले. पंखा घरघरत होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कुणीतरी पत्रा चुरगाळल्यासारखं वाटलं. कुकरच्या शिट्टीला ते खुर्चीतून उठून उभे राहिले. सायलीला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंना पलंगावर नीट बसवल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, जरा पाणी देता?"

रंगनाथरावांनी पाणी दिलं. मग विचारलं, "तुझा घसा बसलाय का? दवाखान्यात गार लागलं असेल."

"नाही. का?"

"आवाज बारीक येतोय. कापतोय."

सुमनबाई दोन घोट पाणी प्यायल्या. "आवाज असाच आहे माझा. बरीच वर्षं झाली."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं ते रोज या बाईशी बोलत होते, तिच्याबरोबर गात होते, आणि कानात वाजत होता तो कॉलनीच्या गणपतीतला भरदार आवाज. तिचा आवाज कधी म्हातारा झाला ते त्यांना कळलंच नव्हतं. कधी झाला ते आता कळायचाही मार्ग नव्हता.

संध्याकाळी त्यांनी धीर करून वायर जोडली आणि सगळ्यात आवडतं गाणं लावलं. ते ऐकून त्यांनी मशीनं कानातून उपटली आणि टेबलावर आपटली.

"हे माझं गाणं नाही! डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजतंय. नको मला हे मशीन!"

"आबा, सवय होईल म्हणाल्यात त्या," सायली समोर येऊन म्हणाली. "ही मशीनं बोलणं ऐकायला असतात. गाणं थोडं असंच लागणार."

"मग गाणं ऐकायचं की बोलणं?"

सायलीनं आतल्या खोलीकडे बोट केलं. सुमनबाई वॉकरला धरून, ओठ दातांखाली धरून, पलंगापासून दारापर्यंतची वाट चालत होत्या.

रंगनाथरावांनी मशीनं उचलली आणि पुन्हा कानात घातली.

त्या आठवड्यात त्यांनी सायलीला बोलावलं. "तुझ्या त्या गाण्यातले शब्द मला नुसते म्हणून दाखव. चाल नको."

"राहू द्या आबा आता."

"का? मी मेल्यावर दाखवणार?"

ती बसली. एकेक ओळ बोलून दाखवू लागली, वाचून दाखवल्यासारखी. पहिल्याच ओळीला त्यांनी तिला थांबवलं.

"राखेची वाट नव्हती ती. राख उडायची, ती पलीकडे राखेच्या तळ्यावर. आमची वाट काळी होती, कोळशाच्या भुकटीची. सुमन, सांग हिला."

"कोळशाची," आतून सुमनबाई म्हणाल्या.

"राख ऐकायला बरं वाटतं," सायली म्हणाली.

"ते तुझं तू बघ. मी खरं सांगितलं."

मग तिनं गिटारवर म्हणून दाखवलं. रंगनाथराव कपाळाला आठ्या घालून, तिच्या ओठांवर नजर ठेवून ऐकत होते. परीक्षेला बसल्यासारखे. संपल्यावर म्हणाले, "अर्धं कळलं. डबा कळला, सायकल कळली. पुढचं निसटलं."

"परत म्हणू?"

"उद्या. डोकं दुखायला लागलं." आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. मत देऊन टाकलं."

सायली बराच वेळ गिटारच्या खुंट्या पिळत बसली.

मंडळात ते एकदाच गेले, एकटेच, कानात मशीनं घालून. जीवनभाऊंनी त्यांचं नेहमीचं गाणं लावलं. रंगनाथरावांनी एक कडवं म्हटलं आणि मधेच माइक खाली केला. स्वतःचा आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकू आला होता. सूर कुठे होता आणि ते कुठे होते!

"गा ना रंगाभाऊ," जीवन म्हणाले.

"किती दिवस असं चाललंय?"

जीवनभाऊंनी लॅपटॉपकडे नजर वळवली. "अरे, इथं कोण तानसेन आहे? सगळेच थोडे इकडेतिकडे असतात."

"मी किती असतो ते विचारलं."

समोरच्या खुर्च्यांवरची माणसं चुळबुळ करू लागली. इगतपुरीचे गार्ड उठून पाणी प्यायला गेले. रंगनाथरावांनी माइक जीवनच्या हातात दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरले. जीवन जिन्यापर्यंत मागे आले, हाकाही मारल्या. या वेळी त्या ऐकू आल्या, तरी ते थांबले नाहीत.

फेब्रुवारीत सुमनबाई काठी घेऊन घरात फिरू लागल्या. रंगनाथराव सकाळपासून झोपेपर्यंत मशीनं घालून असत. बायको बाथरूममध्ये गेली की दाराशी उभे राहत. सुमनबाईंना त्याचा संकोच व्हायचा, मग रागही यायचा. "जा तुम्ही तिकडे, मी काय पळून जातेय?" पण ते हलत नसत. स्पीकरवर धूळ बसली होती. घरात पूर्वी कधी नव्हती इतकी शांतता होती, आणि त्या शांततेतला प्रत्येक आवाज रंगनाथरावांना ऐकू येत होता.

एका संध्याकाळी सुमनबाई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"काढा ती मशीनं," त्या म्हणाल्या. "लावा तुमची गाणी. मी उठत नाही इथून."

"नको."

"चेहरा बघा कसा झालाय. लावा म्हणते ना."

त्यांनी मशीनं काढून खिशात ठेवली, स्पीकर पुसला आणि गाणं लावलं. सूर आले. तेच सूर, गोल, भरलेले, पूर्वीसारखे. रंगनाथरावांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. पण पहिलं कडवं संपायच्या आतच त्यांनी डोळे उघडून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा उघडले.

"बोललीस का काही?"

सुमनबाईंनी मान हलवली. नाही.

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी खुर्ची जराशी फिरवली, सुमनबाईंचा चेहरा सरळ समोर येईल अशी, आणि उरलेलं गाणं डोळे उघडे ठेवूनच ऐकलं.